कुलूप उघडलं की पाठ फिरवायची

जगातलं कुठलंही कुलूप किल्लीमास्तरला अडवू शकत नव्हतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

किल्लीमास्तर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण बसस्टॉपच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाला चिकटून त्याचं सहा फुटी दुकान होतं, आणि तिथे वीस वर्षं बसून बसून त्याचं खरं नाव झिजून गेलं होतं. भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या शेकडो कोऱ्या पितळी किल्ल्या, म्हणजे अजून दात न पाडलेल्या, किल्ली कापायचं एक मशीन, कानशी, वाकड्या तारांची कातडी पिशवी आणि एक डुगडुगणारं स्टूल, एवढा त्याचा पसारा. घरी बायको आणि मुलगी. बायको लॉन्ड्रीत इस्त्री करायची. मुलगी यंदा शाळा संपवून बसली होती आणि तिला एक्स-रे काढायचं शिक्षण घ्यायचं होतं.

"बाबा उघडतात पण आत बघत नाहीत," ती आईला म्हणायची. "मी न उघडता आत बघणार."

ही थट्टा होती, पण त्यात खरं होतं. मास्तरला हा धंदा त्याच्या वडिलांनी शिकवला, आणि तारा हातात देण्याआधी एक रीत शिकवली. कुलूप उघडल्याचा आवाज आला की आपलं काम संपलं. लगेच पाठ फिरवायची आणि मालकाला हाक मारायची. दार असो, कपाट असो, पेटी असो, त्याला बोट लावायचं नाही. वीस वर्षांत त्याने ही रीत एकदाही मोडली नव्हती. लोक घराच्या चाव्या हरवून त्याला बोलवायचे, तो दार मोकळं करायचा आणि जिन्याकडे तोंड करून उभा राहायचा. या एका गोष्टीवर त्याचं नाव होतं. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीवर नव्हतं, कारण पैशाच्या बाबतीत हा माणूस म्हणजे निव्वळ गळकी बादली.

दारू नाही, जुगार नाही, पत्ते नाहीत. तसं काही असतं तर निदान बोट ठेवायला जागा तरी मिळाली असती. ह्याचं सगळं किरकोळ. चहा मागवला की तो एकट्यासाठी कधी नाही, झेरॉक्सवाला, बसची वाट बघणारे दोघे, जो उभा असेल तो. चालत दहा मिनिटांच्या कामाला रिक्षा. गिऱ्हाईक म्हणालं, सुटे नाहीत मास्तर, की ह्याचं ठरलेलं, "असू दे, नंतर द्या." ते नंतर काही यायचं नाही आणि हाही मागायचा नाही. मागायचं म्हटलं की ह्याचीच जीभ टाळ्याला चिकटायची, जणू चोरी ह्यानेच केली आहे.

गेल्या वर्षी बायकोने एक वही केली. लॉन्ड्रीत एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशात बँकेचं बचतीचं माहितीपत्रक राहिलं होतं, ते तिने इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या उभ्या वाचलं आणि घरी येऊन वहीत पाच रकाने पाडले. भाडं, किराणा, वीज, औषध, किरकोळ. महिना संपला तेव्हा किरकोळचा रकाना भाड्यापेक्षा मोठा निघाला. 

"अहो, हे किरकोळ आपल्याला खाऊन टाकतंय," ती म्हणाली.

"कमी करू की," मास्तर म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याला नेहमीच तसं वाटायचं.

"कमी करू नाही. आधी बाजूला काढायचे, उरले तर खर्च. रोज दोनशे. पुढच्या वर्षी हिच्या कोर्सचे साठ हजार एका वेळी भरायचे आहेत. ते आपल्याकडे आभाळातून पडणार नाहीत."

तेव्हा मास्तरला स्फुरण चढलं. त्याने स्वतःच्या हाताने पत्र्याची पेटी केली, वरच्या बाजूला नोट-नाणं जाईल एवढी फट ठेवली आणि तिला सहा लिव्हरचं कुलूप बसवलं. असलं कुलूप त्याने कुणा श्रीमंताच्याही तिजोरीला बसवलं नव्हतं. दोन्ही किल्ल्या बायकोच्या हातात ठेवल्या आणि म्हणाला, "एकसुद्धा माझ्याकडे नको. मला माझी खात्री नाही."

बायको हसली. तिला वाटलं, माणूस शहाणा झाला. आणि त्यालाही तसंच वाटलं हो. किल्ल्या देऊन टाकल्या म्हणजे कुलूप लागलं, असं इतर माणसांच्या घरात असतं. ज्याला किल्लीची गरजच नाही त्याच्या घरात ते निव्वळ नाटक असतं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दुसऱ्याच महिन्यात एका सकाळी त्याला दुकानासाठी सुटे हवे होते. बायको कामावर, मुलगी शाळेत, आणि पेटीत शंभर रुपयांची नाणी नक्की होती. संध्याकाळी नोट टाकून देऊ. तार आत घातली, पाच-सात हलकी वळणं, आणि कुलूप सुटलं. सवयीने त्याने पाठ फिरवली. घरात कुणीच नव्हतं. हाक कुणाला मारणार? तो पुन्हा वळला आणि वीस वर्षांत पहिल्यांदा, स्वतः उघडलेल्या कुलपाचं झाकण त्याने स्वतःच्या हाताने वर केलं.

विसरू नये म्हणून शंभराच्या जागी त्याने खिशातली एक कोरी किल्ली टाकली. एक किल्ली कापून दिली की शंभर मिळायचे, म्हणून एक कोरी म्हणजे शंभर. संध्याकाळी ती काढून नोट टाकायची, असा सरळ हिशोब.

ती कोरी त्याने कधीच काढली नाही. पुढच्या आठवड्यात तिला सोबत मिळाली. मग रिक्षाचे, मग झेरॉक्सवाल्याला हातउसने दिलेले, मग मशीनचा पट्टा तुटला त्याचे, मग कशाचे तेही आठवेना. प्रत्येक शंभरामागे एक कोरी मात्र न चुकता पडायची. चोरी करणारा माणूस इतका चोख असतो का, असं तो स्वतःला विचारायचा आणि त्याला त्यात बरं वाटायचं. शिवाय कोऱ्यांमुळे पेटीचं वजन वाढत होतं. रविवारी बायको ती पुसायला उचलायची आणि म्हणायची, "जड झाली हो." तेव्हा मास्तर खिडकीबाहेर बघायचा.

असे अकरा महिने गेले.

सोमवारी पत्र आलं. मुलीला जागा मिळाली होती. साठ हजार शुक्रवारी दुपारी चारच्या आत भरायचे, एकरकमी, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. मुलगी पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात गोल गोल फिरली. बायकोने ओले हात पदराला पुसले, वही काढली आणि शेवटचं पान दाखवलं. "साठ हजार दोनशे," ती म्हणाली.  "वर दोनशे उरतात. शुक्रवारी मी सुट्टी टाकते. गुरुवारी संध्याकाळी पेटी उघडू, तिघं मिळून मोजू, आणि सकाळी जाऊन भरून येऊ."

"आत्ताच उघडू ना," मुलगी म्हणाली.

"गुरुवारी," मास्तर घाईने म्हणाला. "तेव्हा दोनशे-चारशे आणखी पडतील."

 पेटीत किती कोऱ्या आहेत ते त्याला माहीत नव्हतं. तो टाकत होता चोख, पण मोजलं एकदाही नव्हतं. मोजायची हिंमत असती तर टाकायची वेळच आली नसती.

मंगळवारी तो वसुलीला निघाला. वीस वर्षं 'असू दे' म्हणून सोडलेली उधारी. ज्याला ज्याला नंतर द्या म्हटलं होतं त्यांचे चेहरे आठवत तो दारोदार फिरला. शिवणकाम करणारीने शंभर दिले आणि वर म्हणाली, "मास्तर, इतक्या दिवसांनी? काही अडचण आहे का?" तो म्हणाला, "छे हो, सहजच." पेपरवाल्याला आठवतच नव्हतं. एकाने तर ह्यालाच विचारलं, "माझे की तुमचे?" आणि मास्तर गोंधळून म्हणाला, "बहुतेक माझे." बहुतेक म्हटल्यावर कोण पैसे देतं? दिवसभरात साडेसातशे जमले आणि परत येताना पाय इतके दुखले की तो रिक्षात बसला. रिक्षातून उतरताना वरचे दहा त्याने राहू द्या म्हटले. म्हणून झाल्यावर त्याला रस्त्याच्या कडेला उभं राहून रडावंसं वाटलं.

बुधवारी त्याने दुकान सकाळी सातला उघडलं, चहा मागवला नाही आणि कुणाला पाजलाही नाही. झेरॉक्सवाला दोनदा डोकावून गेला. "बरं नाही का?" "आहे." "मग चहा?" "नको." झेरॉक्सवाला एवढा हादरला की त्याने स्वतःच्या पैशाने चहा आणवला, वीस वर्षांत पहिल्यांदा.  आपल्याला फक्त एवढंच करायचं होतं, रोज हा एक चहा कमी मागवायचा होता, आणि ते आपल्याला जमलं नाही. एवढं साधं. त्यापायी पोरीचं आयुष्य अडलं. त्याला स्वतःची इतकी किळस आली की त्याने कप तसाच ठेवला.

घरी मुलगी नवीन वहीवर स्वतःचं नाव घालत होती. "बाबा, छातीचा एक्स-रे काढताना श्वास रोखून धरायला सांगतात, माहितेय?" ती म्हणाली. मास्तर सोमवारपासून तेच करत होता.

सांगून टाकावं असं त्याला दहा वेळा वाटलं. आणि दहाही वेळा वाटलं, उद्या एखादं मोठं काम येईल.

गुरुवारी दुपारी काम आलं. दोन गल्ल्या पलीकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका एकट्या राहायच्या. त्यांचा नवरा महिन्यापूर्वी गेला होता आणि त्याच्या लोखंडी कपाटाची किल्ली सापडत नव्हती. मास्तर चालत गेला. बाईंनी त्याला आतल्या खोलीत नेलं, कपाट दाखवलं आणि म्हणाल्या, "तुमचं चालू द्या. मी पाणी आणते."

जुनं, चांगल्या बनावटीचं कुलूप होतं. एरवी त्याला त्यात मजा आली असती. आज तार दोनदा घसरली. तिसऱ्यांदा आत काहीतरी सरकलं आणि तो ओळखीचा आवाज आला, टक्.

खोलीत कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात नळ वाहत होता. मास्तरचा हात कपाटाच्या मुठीवर होता. महिन्यापूर्वी गेलेला माणूस, आतमध्ये काय आणि किती आहे हे बाईंनाही माहीत नसणार. किती लागतात? वीस हजार? पंचवीस? पुढच्या वर्षी परत आणून देऊ. संध्याकाळी नोट टाकून देऊ. हे शब्द त्याने कुठे ऐकले होते ते त्याला आठवलं. अकरा महिने तो घरात जे करत होता ते करायला इथे फक्त मूठ खाली दाबायची होती. हात तोच, तार तीच. घरातल्या पेटीतून काढलं तर त्याला चोरी म्हणायचं नाही, असं त्याने कधी आणि कुणाला विचारून ठरवलं होतं?

त्याने मूठ सोडली, पाठ फिरवली आणि हाक मारली. "बाई, उघडलं. या." आवाज जरा मोठाच निघाला.

बाई पाण्याचा पेला घेऊन आल्या. हा भिंतीकडे तोंड करून उभा. मागे कपाटाचं दार करकरलं, कागद वाजले, बराच वेळ काही वाजलं नाही. मग दार बंद झालं.

"वळा आता," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरलेले होते. "प्रत्येक ठिकाणी असं करता?"

"वडिलांची रीत आहे."

"बरं आहे. तुमच्या घरच्यांना पैसे लपवून ठेवायची काळजी नसेल."

मास्तरने तारा पिशवीत भरायला घेतल्या.

"किती द्यायचे?"

"द्या काय द्यायचं ते" हे त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. "सहाशे," तो म्हणाला. आयुष्यात एवढं सरळ त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बाईंनी सहाशे मोजून दिले आणि त्यांना काही वावगंही वाटलं नाही. वीस वर्षं तो ज्या क्षणाला भीत आला तो एवढासाच होता.

संध्याकाळी सहाला तो घरी पोचला तेव्हा टेबलावर पेटी ठेवलेली होती. बायकोने टेबल पुसून वर स्वच्छ चादर अंथरली होती, नाणी घरंगळू नयेत म्हणून. वही आणि पेन्सिल तयार होती. मुलगी खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. बायकोने कनवटीची किल्ली काढली.

"थांब," मास्तर म्हणाला. "किल्ली राहू दे."

"म्हणजे?"

त्याने खिशातून कातडी पिशवी काढली, त्यातली एक तार निवडली आणि पेटीसमोर वाकला. बोलायचं त्याला जमणार नव्हतं, हे त्याला चार दिवसांत कळून चुकलं होतं. पाच-सात हलकी वळणं. टक्.

बायकोच्या हातातली किल्ली हातातच राहिली. अकरा महिने ती दोन्ही किल्ल्या जिवापाड जपत होती, आंघोळीलाही काढून ठेवत नव्हती. तिने नवऱ्याच्या हातातल्या तारेकडे बघितलं, मग पेटीकडे, आणि तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

मास्तर वळला. भिंतीकडे तोंड केलं, हात मागे बांधले. "उघडा," तो म्हणाला.

झाकण उघडल्याचा आवाज आला.  मग चादरीवर पितळ पडायला लागलं. नाणं पडतं तेव्हा वाजतं वेगळं आणि कोरी किल्ली पडते तेव्हा वेगळं, हे त्या घरात तिघांनाही कळत होतं. मुलगी मोजत होती. आधी मनात, मग ओठांत, मग स्पष्ट. साठ. पंच्याऐंशी. एकशे दहा. मास्तर भिंतीवरच्या रंगाच्या पोपड्याकडे बघत उभा होता आणि प्रत्येक आकडा पाठीत बसत होता. दीडशेनंतर त्याला वाटलं आता संपलं. दोनशेनंतर त्याने भिंतीला हात टेकला.

"दोनशे चौतीस," मुलगी म्हणाली. "एक म्हणजे किती?"

त्या कोऱ्या कशाच्या जागी पडल्या आहेत हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

"शंभर," तो भिंतीला म्हणाला.

वहीवर पेन्सिल चालल्याचा आवाज आला. तेवीस हजार चारशे गेले होते. छत्तीस हजार आठशे उरले होते. त्याच्या खिशात चार दिवसांचे चार हजार सहाशे पन्नास होते, ते त्याने न वळता हात मागे करून टेबलावर ठेवले.

"कुठे गेले एवढे?" बायकोने विचारलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं विचारत होती.

"कुठेच नाही," मास्तर म्हणाला. "किरकोळ."

"मी दर रविवारी ही पेटी पुसत होते," ती म्हणाली. "चोर आला असता तर मी दार तरी लावून घेतलं असतं हो."

मुलगी उठली. तो वळायच्या आत ती खोलीतून निघून गेली.

शुक्रवारी सकाळी बायको सुट्टी असूनही लॉन्ड्रीत गेली आणि मालकापुढे उभी राहिली. पुढच्या पगारातून आठ हजार मिळाले. झेरॉक्सवाल्याला मास्तरने सगळं खरं सांगितलं आणि हातउसने दिलेले मागितले. त्याने गल्ल्यातून दोन हजार काढून दिले. साडेआठ हजार कमी होते, नेमके सांगायचे तर आठ हजार पाचशे पन्नास. अकराला बायकोने परगावच्या भावाला फोन लावला.

भाऊ लगेच हो म्हणाला. "आत्ता पाठवतो ताई. पण आमच्या बँकेतून यायला दोन दिवस लागतात, आणि मध्ये शनिवार-रविवार. मंगळवारी मिळतील. चालेल ना?"

बायकोने फोन कानालाच धरून ठेवला. मग तिने नवऱ्याकडे बघितलं.

"सोमवारी सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर बुधवारी आले असते."

एवढंच.  पण मास्तरला त्या एका वाक्याने मुळासकट उपटलं. अकरा महिने चोरलेल्या पैशांनी पोरीची जागा घालवली नव्हती. ते अजून भरून काढता आले असते. तोंड मिटून काढलेल्या चार दिवसांनी ती घालवली होती. कॉलेजात त्याने स्वतः फोन केला, विनवण्या केल्या, मंगळवार म्हणाला, लिहून देतो म्हणाला. पलीकडची बाई चांगली होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली की नियम सगळ्यांना एकच आहे, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा.

चार वाजता तो दुकानात होता. घरी थांबवेना म्हणून आला होता. झेरॉक्सवाल्याच्या भिंतीवरचं घड्याळ त्याच्या स्टुलावरून दिसायचं. चार झाले. काहीच वाजलं नाही, काहीच पडलं नाही. रस्त्यावरून बस गेली. कुठल्यातरी दुसऱ्या घरात या क्षणी कुणाचातरी फोन वाजला असेल आणि कुणीतरी पत्र हातात घेऊन गोल गोल फिरलं असेल.

साडेचारला मुलगी आली. डोळे सुजलेले होते. तिच्या एका हातात कापडी पिशवी होती, ती तिने फळीवर ठेवली तेव्हा आत पितळ वाजलं. दुसऱ्या हातात घरातली स्टीलची ताटली होती. ती तिने फळीच्या मधोमध ठेवली, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसेल अशी.

"हे काय?" मास्तरने विचारलं.

"गल्ला."

"ह्याला झाकण नाही."

"नाहीच."

 तिने त्याला स्टुलावरून उठवलं आणि स्वतः बसली. मशीन तिला लहानपणापासून चालवता यायचं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, घराची किल्ली दुसरी हवी होती. तिने पिशवीत हात घालून पेटीतल्यांपैकी एक कोरी काढली, मापाला लावून बघितली, मशीनमध्ये पकडली आणि कापली. कानस मारून ती माणसाच्या हातात दिली.

"शंभर."

माणसाने खिसा चाचपला. "साठच सुटे आहेत. चाळीस उद्या देतो."

मास्तरच्या तोंडात 'असू दे' तयारच होतं. मुलीने त्याच्याकडे बघितलंही नाही. "शंभर झाले," ती पुन्हा म्हणाली, तेवढ्याच आवाजात. माणसाने दुसऱ्या खिशात हात घातला आणि तिथून चाळीस निघाले. राग नाही, काही नाही. किल्ली घेऊन तो बससाठी पळाला.

तिने पैसे ताटलीत टाकले. मास्तरने सवयीने पाठ फिरवली होती.

"बाबा."

"हं."

"इकडे तोंड करा."

तो वळला. ताटलीत पैसे पडले होते, आणि त्यामागे त्याची मुलगी त्याच्याकडे बघत होती, सरळ.

"किती राहिल्या?"

"दोनशे तेहेतीस," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

मास्तरने श्वास घेतला आणि झेरॉक्सवाल्यालाच काय, बसची वाट बघणाऱ्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात आकडा पुन्हा सांगितला.